खंबाटकीत पेटलेला दिवा

गाडी बाबांची. २००८ची, ऑटोमॅटिक. २०१३ साली आम्ही ती सेकंडहँड घेतली, तीही एकाच कारणासाठी: बाबांचा डावा गुडघा क्लच दाबायला तयार नव्हता. दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये उभा जन्म घालवलेल्या माणसाने बिनक्लचची गाडी घ्यावी, यावरून त्यांच्या मित्रांनी त्यांना भरपूर छळलं. पण गाडी चांगली निघाली. २०२३ मध्ये पंधरा वर्षं भरल्यावर आरटीओत पुन्हा पासिंग केलं, पर्यावरण कर भरला आणि पाच वर्षांची मुदत वाढवून घेतली.

गेल्या श्रावणात वाईला मामांकडे जेवायला निघालो होतो. खंडाळा मागे टाकून खंबाटकी चढायला लागलो. पुढे सिमेंटचा ट्रक होता. त्याच्या पुढे जायला पाय दाबला आणि गाडीला असा हिसका बसला की बाबा म्हणाले, "मागून ठोकलं का रे कोणी?" कोणी ठोकलं नव्हतं. समोर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला होता, त्याच्या शेजारी 'ओडी ऑफ'चा, म्हणजे ओव्हरड्राइव्ह हा सगळ्यात वरचा गिअर बंद असल्याचा, दिवा उघडझाप करत होता आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकून बसली होती. चढावर इंजिन कण्हत होतं. पलीकडे उतरून सपाटीला लागलो तसं किंचाळायला लागलं. गिअर काही बदलेना.

सुरूर फाट्यावर एकाने बोनेट उघडलं, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, चहा पिऊन आला, वायर परत लावली. दिवा गेला. दोनशे रुपये. तेव्हा तो मला जादूगार वाटला. त्या दोनशे रुपयांत त्याने गुन्ह्याच्या जागेवर झाडू मारला होता, हे मला महिनाभराने कळलं. एक तर गाडीच्या कॉम्प्युटरने साठवलेला बिघाडाचा कोड आणि त्या क्षणाची नोंद पुसली गेली. शिवाय या गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर वर्षानुवर्षं शिकून घेतो, की त्याच्या आतले, पायाने न दाबता आपोआप लागणारे क्लच किती झिजलेत, कुठला गिअर किती दाबाने टाकायचा. तेही शिक्षण गेलं. त्यामुळे पुढचा आठवडाभर गाडी शिकाऊ ड्रायव्हर चालवत असल्यासारखे बारीक धक्के देत राहिली आणि आम्ही घाबरून बसलो की गिअरबॉक्स खरंच गेला.

दुसऱ्यांदा दिवा लागला तो घराजवळच. कोथरूडहून पौड रस्त्याने चांदणी चौकाचा चढ चढताना. या वेळी बॅटरीला हात लावला नाही. गाडीचे कोड वाचणारं, साडेसहाशे रुपयांचं काडेपेटीएवढं ब्लूटूथ डोंगल मागवलं, 'ईएलएम ३२७' जातीचं. स्टिअरिंगखाली गुडघ्याच्या वर सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात ते खोचायचं आणि फोनवर ॲप उघडायचं. अमेरिकेत हे सॉकेट १९९६ पासून सक्तीचं आहे. आपल्याकडे ओबीडी, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड नोंदवायची ही व्यवस्था, आली ती २०१० पासून, बीएस-फोर या प्रदूषणाच्या नियमांबरोबर. पण परदेशी आराखड्याच्या गाड्यांत ती आधीपासूनच होती, आमचीही त्यातलीच.

ॲपने कोड दाखवला: पी-०७००.

मी आनंदाने बाबांना जाऊन सांगितलं, "गिअरबॉक्सचा कोड आलाय." बाबा म्हणाले, "ते तर मला खंबाटकीतच कळलं होतं. पुढे?"

बरोबर होतं त्यांचं. पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सचा विभाग, शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना समान असलेला कोड, सात म्हणजे ट्रान्समिशन. शेवटची दोन शून्यं म्हणजे बाकी काही माहीत नाही. गाडीत दोन कॉम्प्युटर आहेत, एक इंजिनाचा आणि एक गिअरबॉक्सचा. दिवा पेटवायचा अधिकार इंजिनाच्या कॉम्प्युटरकडे. गिअरबॉक्सवाल्याने हात वर केला की तो दिवा लावतो आणि पी-०७०० लिहून मोकळा होतो. शेजारच्या घरात काहीतरी चाललंय, एवढंच त्याचं म्हणणं. काय चाललंय ते शेजारच्या घरातच जाऊन विचारायला हवं आणि माझं डोंगल त्या दारापर्यंत पोचतच नव्हतं.

एक गोष्ट मात्र त्याने दिली होती, तिच्याकडे मी नीट पाहिलं नाही. तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात: दिवा लागला त्या क्षणाचा जणू फोटो. वेग ताशी ३८, इंजिनाचं पाणी ८६ अंश, लोड, म्हणजे इंजिनावरचा भार, ८१ टक्के. मी स्क्रीनशॉट काढला आणि विसरलो.

मग गेलो एका मोठ्या गॅरेजमध्ये. नाव राहू दे. तिथे टॅबलेटएवढा स्कॅनर होता, पाचशे रुपये घेऊन त्यांनी गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर वाचला: पी-०७१५, इनपुट स्पीड सेन्सर सर्किट. पुढच्या पाच मिनिटांत कागदावर अंदाजपत्रकही आलं. गिअरबॉक्स उतरवून ओव्हरहॉल, पंच्याऐंशी हजार, शिवाय 'आत आणखी काही निघालं तर वेगळे'. गाडीला बाजारात दीड लाख आले असते तर आम्ही पेढे वाटले असते. मी विचारलं, "कोडमध्ये सेन्सर लिहिलंय ना, मग गिअरबॉक्स कशाला?" सुपरवायझर समजुतीच्या सुरात म्हणाला, "सर, सतरा वर्षांची गाडी आहे. किती दिवस सेन्सर-सेन्सर करणार?"

घरी आलो तर बाबा बोनेट उघडून उभे. "तेलाचा वास घेतलास?" नव्हता घेतला. या गाडीत ऑइल तपासायची पद्धत अशी: गाडी गरम, सपाट जागा, इंजिन चालू, ब्रेकवर पाय ठेवून पी ते एल सगळे गिअर एकदा फिरवून परत पी, मग डिपस्टिक. बाबांनी काठीवरचा थेंब वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर टेकवला. लालसर तपकिरी डाग पसरला. मधे काळा ठिपका नाही, कडेला चमचम नाही. बोटावर चोळला, नाकाशी नेला. "क्लच जळाले असते ना, तर या बोटाला दोन दिवस वास राहिला असता. हे तेल जुनं आहे, जळालेलं नाही." एसटीच्या गिअरबॉक्समध्ये आणि या गिअरबॉक्समध्ये काहीही साम्य नाही. पण जळका वास सगळीकडे सारखाच.

हा थेंब आमच्यासाठी पंच्याऐंशी हजारांचा ठरला. ओव्हरहॉल बाजूला ठेवलं आणि मी पी-०७१५च्या मागे लागलो.

हा सेन्सर काय करतो ते थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. ताकद तेलातून पलीकडे जाते. त्यामुळे इंजिन किती फेरे मारतंय आणि गिअरबॉक्समध्ये शिरणारा दांडा किती, हे आकडे वेगवेगळे असू शकतात. इनपुट सेन्सर त्या दांड्याचे फेरे मोजतो. दुसरा सेन्सर बाहेर पडणाऱ्या बाजूचे. दोन्हींचा भागाकार केला की कॉम्प्युटरला कळतं, कुठला गिअर खरोखर पडलाय आणि क्लच घसरतोय का. यातली एक बातमी बंद झाली की कॉम्प्युटर आंधळा होतो. मग तो तेलाचा दाब वाढवतो, एक गिअर पकडतो आणि सोडत नाही. खंबाटकीतला हिसका म्हणजे काही तुटल्याचा नव्हता. आंधळ्याने घाबरून कठडा घट्ट धरावा, तसा होता.

सेन्सर साधा. आत चुंबक, भोवती बारीक तारेची गुंडाळी, बाहेर दोन वायरी. मॅन्युअलप्रमाणे २० अंशांना त्याचा विजेला होणारा रोध ५६० ते ६८० ओहम यायला हवा. बॅटरी काढली, बॅटरीचा ट्रे काढला, एअर फिल्टरचा डबा काढला, तेव्हा कुठे गिअरबॉक्सच्या डोक्यावर तो दिसला. कपलर, म्हणजे वायरींचं जोडटोक, काढून मीटर लावला. ६१८. ठणठणीत.

इथे मी माझी पहिली हुशारी केली. मनाशी ठरवलं की गार असताना ठीक, गरम झाल्यावर आतली तार सुटत असणार. अशा गुंडाळ्या गरम झाल्यावर दगा देतात हे खरंच आहे. पण मला ते इतकं पटलं की मी दोन दिवस दुसरा विचारच केला नाही. मग भर दुपारी एसी लावून सिंहगड रस्त्यावर तासभर ट्रॅफिकमध्ये गाडी रांगवली. पाणी ९६ अंशांपर्यंत गेलं. दिवा लागला नाही. त्याच आठवड्यात सासवडला जाताना दिवे घाटात लागला. फ्रीझ फ्रेम: वेग ४१, पाणी ९३, लोड ८८ टक्के.

आता दोन फोटो शेजारी ठेवले. ८६ अंश आणि ९३ अंश. आणि ९६ला काही नाही. गरमीचा संबंध नाही. सारखा आकडा एकच, लोड. इंजिनाला जोर करावा लागला की बातमी तुटते. हे मला पहिल्या स्क्रीनशॉटपासून हातात होतं.

बायको म्हणाली, "घाटातच बिघडते ना? मग घाटातच जाऊन बघ." मी ॲपची पैसेवाली आवृत्ती घेतली, तिच्यात आमच्या मॉडेलच्या गिअरबॉक्सचे आकडे दिसायचे. रविवारी सकाळी ती चालवायला, मी शेजारी फोन धरून. इंजिनाचे फेरे आणि इनपुट दांड्याचे फेरे अशा दोन रेषा एकाच आलेखावर. चांदणी चौकाच्या चढाला तिने पाय दाबला. इंजिन ३१००, दांडा २९००, दोन्ही रेषा हातात हात घालून वर चढतायत, आणि एकदम खालची रेषा शून्यावर. उतरत उतरत नव्हे, कड्यावरून दगड पडावा तशी सरळ. अर्ध्या सेकंदात परत २९००. मग परत शून्य. मग हिसका, दिवा.

तो आलेख मी रात्री किती वेळा पाहिला असेन. चालत्या गाडीत, चाकांना जोडलेला तो जड दांडा अर्ध्या सेकंदासाठी थांबून परत २९०० फेऱ्यांवर येईल? आला तर गिअरबॉक्सचे तुकडे रस्त्यावर सांडतील. क्लच घसरत असता तर दोन रेषांमधलं अंतर हळूहळू वाढलं असतं. दांडा फिरतच होता, फक्त त्याची बातमी पोचत नव्हती. म्हणजे मामला विजेचा. लोखंडाचा नव्हे.

मग एकतर सेन्सर, नाहीतर वायर. नवा सेन्सर मागवण्याआधी एक फुकटचा प्रयोग होता. आमच्या गाडीत इनपुटचा आणि आउटपुटचा सेन्सर अगदी एकसारखे, पार्ट नंबरसकट. दहाच्या पान्याने दोन्ही काढले, ओ-रिंगला जरा तेल लावून अदलाबदल करून बसवले. सेन्सर दोषी असेल तर आता तक्रार आउटपुटची, म्हणजे पी-०७२० यायला हवी. वायर दोषी असेल तर पी-०७१५च राहील. चांदणी चौक. हिसका. पी-०७१५.

सेन्सर निर्दोष सुटला.

राहिली वायर. सेन्सरपासून निघून गिअरबॉक्सवरून, बॅटरीच्या ट्रेखालून, फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून आत, ग्लोव्ह बॉक्सच्या मागच्या कॉम्प्युटरपर्यंत. दोनेक मीटर. आणि आता माझ्या लक्षात आलं की मी आजवर सगळं मोजमाप सेन्सरच्या तोंडाशी केलं होतं. कॉम्प्युटर तिथे बसलेला नाही. त्याच्या कानाशी काय पोचतं ते त्याच्याच टोकाला जाऊन मोजायला हवं.

ग्लोव्ह बॉक्स काढला, बॅटरी काढून कॉम्प्युटरचा कपलर सोडवला, मॅन्युअलमधल्या आकृतीवरून दोन पिना शोधल्या. बाबा पुढच्या सीटवर, मांडीवर मीटर. दोन्ही टोकं त्यांनी धरली आणि चष्मा कपाळावर ढकलला.

"सहाशे एकवीस."

म्हणजे सेन्सर, वायर, सगळं ठीक. मी पुढे जाऊन बोनेटमधल्या वायरिंगला हात लावला. "सहाशे एकवीस. सहाशे एकवीस." बाबा कंडक्टरसारखे पुकारत होते. वायरी हलवल्या, कपलर हलवले. "एकवीसच आहे. थकलास का?" शेवटी दोन्ही हात इंजिनावर टेकवले आणि गाडी जोरात असताना इंजिन जसं मागे कलतं, तसं ते फायरवॉलच्या दिशेला रेटलं. ते इतकं सहज हललं की मीच दचकलो. दोन बोटं तरी सरकलं असेल.

"गेलं!" बाबा आतून ओरडले. "आकडा गेला! सोड." सोडलं. "आला. सहाशे एकवीस." परत रेटलं. "गेलं!"

शेजारच्या काकू गॅलरीतून बघत होत्या. एक म्हातारा गाडीत बसून आलं-गेलं ओरडतोय आणि त्याचा पन्नाशीला आलेला मुलगा बोनेटवर वाकून गाडीला धक्के देतोय. त्यांनी काही विचारलं नाही.

मग तुटकी जागा शोधणं हे चिमटीने वीतवीतभर वायरिंग ताणत जाण्याचं काम होतं. सापडली ती बॅटरीच्या ट्रेच्या कोपऱ्याखाली. आता लाजिरवाणा भाग. तोवर हा ट्रे मी तीन वेळा काढून बसवला होता. दोन वर्षांपूर्वी जुनी बॅटरी गेली, तेव्हा दुकानदाराने 'त्याच भावात एक साइझ मोठी' दिली होती. ती ट्रेमध्ये बसावी म्हणून ट्रे जरा पुढे सरकवून आवळला होता आणि वायरिंग धरणारी प्लास्टिकची क्लिप मोडून फेकली होती. वायरिंगचा जुडगा ट्रेखाली चिमटला गेला. एका बाजूला ट्रेने घट्ट धरलेला, दुसऱ्या बाजूला इंजिनाला बांधलेला. इंजिनाचं एक माउंटिंग, म्हणजे इंजिन धरून ठेवणारा आधार, मेलेलं. चढाला इंजिन कललं की जुडगा ताणला जाणार, त्यातली एक तार रोज थोडीथोडी झिजणार.

कापडी टेप उलगडली. वरून काहीच दिसेना. लाल वायरीचं आवरण अखंड. पण बोटांत घेऊन वाकवली तर एका ठिकाणी ती शेवयीसारखी लुळी पडायची. ताणली की तिथे आवरण बारीक व्हायचं, कमरेत आवळल्यासारखं. ब्लेडने सोललं. आत तांब्याच्या तारा तुटलेल्या, टोकं एकमेकांना जेमतेम टेकलेली आणि मधे हिरवट पूड. गाडी उभी असताना टोकं टेकायची, म्हणून ६२१ ओहम. ओढ बसली की दूर.

जोडणी मी केली नाही. मला सोल्डर येतं, पण इथली जागा हलणारी आणि पावसात भिजणारी. नाना पेठेत एक जुने ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी खराब झालेली चार इंच वायर कापून टाकली, त्याच जाडीची नवी घातली, दोन्ही सांधे सोल्डर केले, पण मुद्दाम पुढेमागे, म्हणजे दुसऱ्या वायरीच्या सांध्यावर दाबले जाणार नाहीत असे. त्यावर श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवली की आवळून बसणारी नळी. "पिळून टेप मारून देऊ का, पाच मिनिटांत होईल, असं विचारणारा भेटला तर पळून जायचं," हा सल्ला त्यांनी फुकट दिला. दोन वायरी एकमेकींभोवती पुन्हा पीळ देऊन बसवल्या. कमी ताकदीच्या सिग्नलमध्ये बाहेरची खरखर शिरू नये म्हणून कंपनीने तसा पीळ दिलेला असतो. जुडग्याला बोटभर ढील ठेवून नवी क्लिप, ट्रे मूळ जागी. आणि मोठी बॅटरी काढून मूळ मापाची. सातशे रुपये मजुरी. बॅटरीच्या अदलाबदलीत दोन हजार गेले ते वेगळे.

बॅटरी काढल्यामुळे कोड आणि दिवा दोन्ही आधीच गेले होते, म्हणून दिवा नाही एवढ्यावर मी विश्वास ठेवला नाही. एरवी, दुरुस्ती खरी असेल तर लागोपाठ तीन फेऱ्या निर्दोष झाल्यावर कॉम्प्युटर स्वतःच दिवा विझवतो; आठवणीतून कोड जायला मात्र गाडी चाळीस वेळा गार होऊन गरम व्हावी लागते. पहिल्या दिवशी चांदणी चौक, दोनदा. दिवा नाही, हिसका नाही. दुसऱ्या दिवशी दिवे घाट. तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "वाईला जाऊन येऊ, मामांचं ते जेवण राहिलंच." खंबाटकीच्या अलीकडे डिझेलच्या पंपावर थांबलो, गाडी बंद केली. परत चालू केली तेव्हा दिवा लागून विझला, बाकीच्या दिव्यांबरोबर. घाट चढताना बाबांनी डॅशबोर्डवरून नजर हलवली नाही.

माउंटिंग नंतर बदललं, अठ्ठावीसशे अधिक मजुरी आठशे. आणि सिग्नलला डी-मध्ये उभं राहिलं की स्टिअरिंग थरथरायचं, ते थांबलं. ती थरथर एसीच्या कॉम्प्रेसरची आहे, असं आम्ही दोन वर्षं धरून चाललो होतो.